लाल नाडीचं टोपरं

रशीदभाऊ, आज बुधवार होता, तुमच्याशिवायचा पहिला. थेंब टाकायला मीच उभी राहिले. बाटली मुठीत धरून कोमट केली, बाळाची खालची पापणी अलगद ओढली आणि माझ्या तोंडून तुमचं 'बिस्मिल्ला' निघालं. बाळाची आई समोरच बसली होती, चिमूरकडची, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती म्हणाली, काय म्हणलं बाई तुमी? मी म्हटलं, काही नाही, हा औषधाचाच भाग आहे. तिनं बिचारीनं मान डोलावली. मला हसू आलं, आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं, बाहेर जाऊन तोंड धुऊन यावं लागलं.

दवाखान्याच्या फळ्यावर तुमच्याबद्दल श्रद्धांजलीच्या चार ओळी लिहिल्यात. नेत्र विभागातले सहायक, अमुक वर्षं सेवा, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ म्हणे! भाऊ, तुमच्याइतकं माझ्याशी या दवाखान्यात कोणी भांडलेलं नाही. मनमिळाऊ माणसाशी कोण दर बुधवारी वाद घालतं? त्या फळ्यासमोर उभी राहिले की वाटतं, हा दुसराच कोणी रशीद शेख असेल, आपला तर उद्या येईल चहाचा कप घेऊन, 'सिस्टर, तुमचं साखरेचं पाणी आनलं' म्हणत.

खरं सांगायचं तर पहिलं भांडण मीच काढलं होतं. तुम्ही मोठ्यांच्या मोतीबिंदूतून नुकतेच आमच्या बाळांच्या कक्षात यायला लागला होता. चंद्रपूरहून डॉक्टर मॅडम बुधवारी येणार, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या लेकरांचे डोळे तपासणार, आणि त्याआधी तासभर तुम्ही बाहुली मोठी करायचे थेंब टाकणार, असं ठरलेलं. तुम्ही सरळ बाटली उलटी केली आणि थेंब सोडला. बाळ किलोभराचं. अर्ध्याहून जास्त औषध गालावरून कानात गेलं, आणि थोड्या वेळानं त्याच्या डोळ्याभोवतीची कातडी चुन्यासारखी पांढरी पडली. मी ओरडले. म्हटलं, हा थेंब त्याच्या डोळ्यापेक्षा मोठा आहे, उरलेला कातडीतून आणि नाकातून रक्तात जातो, त्याचं काळीज केवढं, पोट केवढं. तुम्ही शांतपणे म्हणालात, कंपनी काई लेकराचं माप घेऊन बाटली बनवत नाई सिस्टर. आणि वर मला 'मॅडम' म्हणालात. तुमचा राग 'मॅडम'मधून कळायचा.

पुढच्या बुधवारी तुम्ही आलात ते खिशात बिनसुईची बारीक प्लास्टिकची नळी घेऊन. ती सिरिंजला लावून तुम्ही माझ्यासमोर आपल्या तळहातावर थेंब सोडून दाखवला. मोहरीएवढा. आठवडाभर घरी पाणी भरून सराव केला होता म्हणे, भाभी वैतागल्या होत्या. त्या दिवसापासून आपली रीत ठरली. थेंबाआधी तासभर दूध नाही, पायाच्या अंगठ्याला रक्तातला प्राणवायू मोजणारा लाल दिवा लावलेला, मोहरीएवढा थेंब, लगेच नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाचा हलका दाब, आणि ओघळ आला की कापसानं टिपायचा. आईनं काजळ घातलेलं असलं तर तुम्ही ते कोमट पाण्यानं पुसायचात, आणि आजीला राग येऊ नये म्हणून त्यातलंच बोटभर घेऊन बाळाच्या तळपायाला तीट लावायचात. म्हणायचात, नजर लागली तं पायातून जाईन.

मग ती टोपरी आली. तुमचे अब्बा शिंपी. दुकान मोडलं तरी मशीन तुमच्या ओसरीवर राहिली होती. बाहुली मोठी झालेलं लेकरू दुपारच्या उन्हात एसटीत बसून एटापल्ली, गोंडपिपरीकडे जातं, डोळे मिटता मिटत नाहीत, रडून रडून निळं होतं, हे तुम्ही बस स्टँडवर पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात पिशवीभर टोपरी. ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची, पुढे वितभर पन्हाळीसारखी सावली धरणारी पट्टी. थेंब टाकलेल्या प्रत्येक बाळाला जाताना एक. मी म्हटलं होतं, सरकारी दवाखाना आहे की बारशाचा मांडव! तरी सगळ्यात आधी पिशवीत हात मीच घालायची, चांगला रंग शोधायला. हे तुम्हाला माहीत होतं, भाऊ. तुम्ही निळी वर ठेवायचात.

आपलं खरं भांडण तिसऱ्या थेंबाचं होतं.

आपल्याकडच्या लेकरांचे डोळे काळेभोर. औषध त्यांच्यावर लवकर चढत नाही. दोन थेंबांत काही बाहुल्या नीट उघडतात, काही अर्ध्यावर अडतात. तुमचं म्हणणं, उघडेपर्यंत टाकायचं. माझं म्हणणं, दोन झाले की बास. याला कारण होतं. एकदा तिसऱ्या थेंबानंतर एक जुळ्यातलं पोरगं श्वास घ्यायचंच विसरलं होतं. दिव्याचा आकडा खाली, ओठ जांभळे. मी पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या, मास्क धरला, आणि ते परत आलं तेव्हा कुठे मास्क बाजूला केला. तुम्ही बाजूला उभे, घामाने भिजलेले. त्या दिवसानंतर मी तिसऱ्या थेंबाचं नावच काढू देईना. आधी जीव, मग नजर, असं मी म्हणायची. त्यावर तुम्ही एकदा म्हणालात ते मी आजवर विसरलेले नाही.

"श्वास थांबला तं तुमी वापस आनता सिस्टर, मी पाह्यलं. नजर गेली तं कोन आनन?"

  आणि मग समीक्षा आली.

आरमोरीच्याही पलीकडचं गाव, नाल्यापल्याडचं. आई वनिता, घरी धानाची शेती. समीक्षा दोन महिने आधी जन्मली, आमच्याकडे महिनाभर काचेच्या पेटीत होती, माझ्या हातावर वाढली म्हणा ना. घरी जाताना दोन किलोला थोडी कमी. डोळ्यांच्या तपासणीला पुन्हा आणली त्या बुधवारी कक्षात नुसता गोंधळ होता, दोन बाळं एकदम बिघडलेली. समीक्षाच्या बाहुल्या दोन थेंबांत अर्ध्याच उघडल्या. तुम्ही नळी उचलली, मी तुमचा हात धरला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि नळी खाली ठेवलीत. मॅडमनी आत पाहिलं, जमेल तेवढं पाहिलं, आणि वैतागून म्हणाल्या, पडद्याची कड दिसतच नाही, रोग असला तर तिथेच असतो, हिला पुढच्या बुधवारी नक्की बोलवा, आणि तिच्या आईला नीट समजावून सांगा.

नीट समजावून सांगा, हे मला सांगितलं होतं. तुम्हाला नाही.

कार्डावर मी 'पुढील बुधवारी' लिहिलं. सगळ्यांच्या कार्डावर लिहिते तसंच. तुम्ही बाहेर उभे होतात. पावसानं उघडीप दिलेली, ऊन मी म्हणत होतं, समीक्षा डोळे बारीक करून कुरकुरत होती, म्हणून तुम्ही तिला टोपरं घातलंत. पिवळं, त्यावर लहान लहान पानं. वनिता खूश होऊन गेली.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाल्याला पूर, धानाच्या रोवणीचे दिवस, घरोघरी हात कमी. मी यादीत नाव पाहत होते आणि स्वतःला सांगत होते, येईल. तुम्ही मात्र तिसऱ्या आठवड्यात सुट्टी टाकलीत, मोटरसायकल काढलीत, नाल्यापर्यंत गेलात, डोंग्यातून पलीकडे आणि तिथून धानाच्या बांधीच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं चिखल तुडवत. मला हे तुम्ही परतल्यावर सांगितलंत, पँट गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाची. वनिता बांधीत वाकून रोवणी करत होती. धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला पाळणा, पाळण्यात समीक्षा, आणि तिच्या डोक्यावर तुमचं पिवळं टोपरं. तुम्ही विचारलंत, काऊन नाई आले वापस? तर वनिता म्हणाली, टोपरं भेटलं ना भाऊ, मंग पास झाली ना ते?

सगळ्या गावात असंच समजत होते. ज्याचे डोळे चांगले त्याला दवाखान्यातून टोपरं मिळतं. नसेल मिळालं तर पुन्हा जायचं. कोणी हे त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनीच जुळवलं होतं, आणि किती बरोबर वाटणारं जुळवलं होतं! उन्हासाठी शिवलेल्या सावलीचं त्यांनी प्रमाणपत्र केलं. तुम्ही हे सांगताना खुर्चीत बसलात आणि कितीतरी वेळ चपलेचा चिखल काढत राहिलात.

सोबत आणलेल्या मायलेकींना तुम्ही तसंच पुढे नागपूरला घेऊन गेलात. लेझर झालं. उजवा डोळा वाचला. डाव्याला उशीर झाला होता.

तिथून परत आल्यावर औषधांच्या खोलीच्या दारात तुम्ही मला विचारलंत. आवाज अगदी साधा, जसा चहाला येता का म्हणून विचारायचात.

"सिस्टर, तुमी वनिताले सांगलं होतं ना, का आज डोळा पूरा दिसला नाई म्हनून?"

मी म्हटलं, "हो."

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, मंग टोपऱ्याचीच चूक. आणि गेलात. तो 'हो' खोटा होता. वनिताला सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की तिसरा थेंब मीच थांबवला. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर झापलं होतं, माझं नाक कापलं गेलं होतं, आणि पुन्हा एका आईसमोर तेच बोलायची माझी इच्छा नव्हती. एवढंच कारण, दुसरं काही नाही. मी तिसरा थेंब थांबवला याचं मला आजही वाईट वाटत नाही. दोन बाळं बिघडलेली असताना तिसऱ्याचा श्वास मी पणाला लावणार नव्हते. पण एक वाक्य बोलायला काय लागत होतं? त्याला ना औषध लागत होतं, ना दिवा.

तुम्ही ती चूक आपल्या डोक्यावर घेतलीत. पुढच्या बुधवारी प्रत्येक टोपऱ्याला एक लाल नाडी. नाडी आहे तोवर परत यायचं, शेवटची तपासणी झाली की रशीदभाऊ स्वतः कात्रीनं नाडी कापणार, मग सुट्टी. गावोगावच्या आशाताईंना तुम्ही फोन करकरून सांगितलंत. लोक नाडी कापायला नटूनथटून यायचे, एकीने तर पेढे आणले होते. त्यानंतर एकही लेकरू सुटलं नाही. डॉक्टर मॅडम दुसऱ्या दवाखान्यांत तुमचं कौतुक सांगायच्या. तुम्ही म्हणायचात, कौतुक काय मॅडम, आपली चूक होती, आपणच निस्तरली. मी शेजारी उभी असायची, भाऊ. बाळांची दुपटी घड्या घालत. सहा वर्षं मी दुपट्यांच्या घड्या घातल्या.

तिसऱ्या थेंबाचं भांडण मात्र आपण चालू ठेवलं. मी थोडी नमले, तुम्ही थोडे. दोन थेंब, मग थांबायचं, बाळाला ऊब द्यायची, माझा तळवा त्याच्या छातीवर, आणि दिवा स्थिर असला तरच तिसरा. किती थांबायचं यावर शेवटच्या बुधवारीही आपलं वाजलंच. तुम्ही घड्याळ दाखवलंत, मी बाळ दाखवलं. तुम्ही म्हणालात, पुढच्या बुधवारी पाहू. ते पाहायचं राहिलं.

रविवारी मी तुमच्या घरी गेले. ओसरीवर मशीन तशीच, सुईखाली अर्धं शिवलेलं टोपरं. निळं. भाभींनी मला मिठी मारली आणि मी जे रडले, त्यांनीच मला पाणी दिलं. लाज वाटली. आणि तेवढ्यात दारातून वनिता आली, सोबत समीक्षा. जाड चष्मा, दोन वेण्या, पहिलीत आहे. सकाळच्या एसटीनं निघून दोन गाड्या बदलून आल्या होत्या, कापडी पिशवीत नवा तांदूळ घेऊन. समीक्षा मशीनपाशी गेली आणि उजवा डोळा अगदी जवळ नेऊन टाक्यांवरून बोट फिरवत बसली. एक डोळा पुरतो तिला. पण दोन असते, भाऊ.

मला राहवलं नाही. वनिताला अंगणातल्या नळाकडे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. तिसरा थेंब मी थांबवला. मॅडमनी तुला समजावून सांगायला मला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. चूक टोपऱ्याची नव्हती, माझी होती, आणि रशीदभाऊंना मी खोटं बोलले. मला वाटलं ती ओरडेल, निदान तोंड फिरवेल. तिचा हक्क होता. तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली,

"भाऊले मालूम होतं बाई. ते बांधीत आले तवाच मी सांगलं, मले कोनी काईच नाई सांगलं म्हनून. ते म्हनले, सिस्टरकडून राहून गेलं असन. लई लेकरं आहेत त्यायच्या जिवावर. तुमी कोनाले बोलू नोका."

मग ती एवढंच म्हणाली की मलेही राग होता बाई, दोन-तीन साल होता. आणि समीक्षाला हाक मारून तिनं तिचे हात नळाखाली धुतले.

म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं. चिखलाची पँट घालून माझ्यासमोर बसला होतात तेव्हाही माहीत होतं. तुम्ही मला दार उघडून दिलंत आणि मी ते लोटून घेतलं, आणि तुम्ही, अरे बाप्पा, तुम्ही मान हलवून घरी गेलात आणि लाल नाड्या शिवत बसलात! सहा वर्षं माझ्यासोबत चहा प्यालात. एकदा तरी टोमणा मारायचा होता. एकदा तरी 'मॅडम' म्हणायचं होतं त्यावरून. मला तुमचा इतका राग आला रविवारी, आणि तो राग पुरता यायच्या आधीच मी भाभींच्या ओट्यावर बसून पुन्हा रडत होते. असा माणूस मी पाहिला नाही. तुमच्याशी भांडायला मिळालं हे माझं नशीब होतं.

आज चिमूरच्या त्या बाळाचंही तसंच झालं. काळेभोर डोळे, दोन थेंबांत अर्धवट. मी थांबले. तुमच्या घड्याळाप्रमाणे थांबले, माझ्या हिशोबानं नाही, तुमची जीत झाली असं समजा. छातीवर तळवा ठेवून तिसरा थेंब उजव्या डोळ्यात टाकला. आकडा डगमगला, सावरला. डाव्यात टाकायला नळी नेली तर पुन्हा डगमगला, म्हणून नळी ठेवून दिली. मॅडमना उजव्याची कड दिसली, डाव्याची दिसली नाही.

मी खुर्ची ओढून त्या आईसमोर बसले. म्हटलं, नीट ऐक माय. आज डावा डोळा पूरा दिसला नाई. थेंब मीच थांबवला, याचा श्वास कमी होत होता म्हनून. आत काई आहे का नाई, मले मालूम नाई. पुढच्या बुधवारी यायचंच, नाला असो का लग्न असो. काय सांगलं मी, बोलून दाखव. तिनं बोलून दाखवलं. दोनदा. मग भाभींनी दिलेल्या पिशवीतलं वरचं टोपरं काढलं, बाळाच्या डोक्यावर घातलं आणि लाल नाडीची गाठ मारली. पुढल्या वेळी कात्री मीच चालवीन, तुमचीच, तुमच्या ड्रॉवरमधली.

आणि भाऊ, औषधांच्या खोलीच्या दारात तुम्ही मला एक विचारलं होतं. मी वनिताला सांगितलं होतं का म्हणून.

नाही. नव्हतं सांगितलं.